तारणाऱ्यांची यादी

१९७१ च्या डिसेंबरच्या मध्याला ढाका पडणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. पाकिस्तानी सैन्याची शरणागती दोन-तीन दिवसांवर आली होती. शहरात संचारबंदी होती आणि ओस रस्त्यांवरून चिखल फासलेली मायक्रोबस घरोघरी थांबत होती. आत अल-बद्र या पाकिस्तानी सैन्याच्या साथीदार टोळीचे लोक होते, त्यांच्याकडे नावं होती, पत्ते होते. ढाका विद्यापीठात बंगाली शिकवणारे नाटककार मुनीर चौधुरी असे घरातून नेले गेले. कादंबरीकार-पत्रकार शहीदुल्ला कैसर नेले गेले. ‘शिलालिपी’ नियतकालिक चालवणाऱ्या सेलिना परवीन गेल्या, हृदयरोगतज्ज्ञ फझले रब्बी गेले. १६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांजवळच्या खड्ड्यांत हात बांधलेले, डोळ्यांवर पट्टी असलेले देह सापडू लागले. मुनीर चौधुरींचा देह कधीच ओळखता आला नाही. कैसरांचे भाऊ, चित्रपट दिग्दर्शक जहीर रायहान, भावाच्या शोधात जानेवारीच्या अखेरीस मीरपूरला गेले. तेही परतले नाहीत.

युद्धानंतर गव्हर्नर हाऊसमध्ये पाकिस्तानी मेजर जनरल राव फरमान अली यांची डायरी मिळाली. तिच्या पानांवर बंगाली बुद्धिजीवींची नावं लिहिलेली होती. फरमान अलींनी हत्यांमधला आपला हात शेवटपर्यंत नाकारला. मला मात्र त्या पानांचा विचार सोडत नाही. एवढी नावं गोळा करायची म्हणजे किती अभ्यास लागला असेल! कोण काय लिहितो, कोणाचा शब्द विद्यार्थी मानतात, कोण कुठल्या गल्लीत राहतो, हे सगळं कुणीतरी बसून, शांतपणे जमवलं होतं.

मारणाऱ्यापेक्षा तारणारा मोठा, असं आपण म्हणतो. लेखक-विचारवंतांच्या बाबतीत ते खरं ठरावं अशी माझी फार इच्छा आहे. पण याद्यांच्या कामात मारणारा नेहमी पुढे असतो. तो वर्षानुवर्षं तयारी करतो. १९४० मध्ये ब्रिटन जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं याची यादी जर्मन गुप्त पोलिसांनी आधीच छापून ठेवली होती. २,८२० नावं! त्यात एच. जी. वेल्स होते, व्हर्जिनिया वुल्फ होत्या. सिग्मंड फ्रॉइडही होते, ते आदल्याच वर्षी लंडनमध्ये वारले होते तरी. आक्रमण झालंच नाही, म्हणून ती यादी कागदावर राहिली. पोलंडमध्ये तसं झालं नाही. ६ नोव्हेंबर १९३९ ला क्राकूफच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एका सभागृहात बोलावलं आणि १८० हून अधिक जणांना तिथूनच उचलून नेलं. जुलमी सत्ता लेखकांना किती मनापासून वाचते, हे अशा वेळी कळतं. त्यांच्या बाजूचे म्हणवणारे आपण त्यांना तितकं वाचतो का, हा प्रश्न मला छळतो. या लेखात मी त्याच्याच मागे चालले आहे.

तारणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा शेवटच्या घटकेला, धावत-पळत तयार होते. जून १९४० मध्ये फ्रान्सने गुडघे टेकले. शस्त्रसंधीच्या १९ व्या कलमात लिहिलं होतं की जर्मनीने मागितलेले जर्मन नागरिक फ्रान्सने त्यांच्या हवाली करायचे. हिटलरपासून पळून फ्रान्समध्ये आलेला प्रत्येक लेखक या एका कलमाने पिंजऱ्यात सापडला. तीन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ‘इमर्जन्सी रेस्क्यू कमिटी’ स्थापन झाली. थॉमस मान, झाक मारितँ, आधुनिक कला संग्रहालयाचे आल्फ्रेड बार अशा मंडळींनी आपापल्या माहितीतली नावं दिली आणि सुमारे २०० जणांची यादी झाली. ती घेऊन व्हेरियन फ्राय नावाचा ३२ वर्षांचा पत्रकार ऑगस्टमध्ये मार्सेयला उतरला. ३,००० डॉलर त्याने पायाला बांधून नेले होते. काही आठवड्यांत परतायचा बेत होता.

हॉटेल स्प्लेंदिदमधल्या त्याच्या खोलीबाहेर रांग लागली आणि दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या. यादीतले बरेच जण सापडतच नव्हते आणि रांगेतले बहुतेक जण यादीत नव्हते. न्यूयॉर्कच्या टेबलांवर ज्यांची नावं आठवली, त्यांना व्हिसा. बाकीच्यांनी आपण कोण आहोत हे एका अनोळखी अमेरिकी माणसाला पटवून द्यायचं! आपली पुस्तकं मागे राहिलेली, काही जाळली गेलेली, कागदपत्रं खोटी. फ्रायने यादी बाजूला ठेवली हे त्याचं खरं मोठेपण. तो तेरा महिने राहिला, कायद्याच्या आतून आणि बाहेरून माणसं बाहेर काढत राहिला. बनावट शिक्के तयार करायला एक व्यंगचित्रकार होता. अमेरिकी वाणिज्य दूतावासातला हायरम बिंगहॅम हा अधिकारी वरिष्ठांची नाराजी पत्करून व्हिसा देत होता. हाना आरेंट, मार्क शगाल, माक्स अर्न्स्ट, हाइनरिख मान, फ्रान्झ वेर्फेल ही त्यांतली ठळक नावं. सुमारे २,००० माणसं वाचली. सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रायला फ्रान्समधून हाकलून दिलं आणि त्याच्या स्वतःच्या देशाच्या परराष्ट्र खात्यालाही त्याचं फार दुःख झालं नाही.

सत्तरीला टेकलेले हाइनरिख मान पिरेनीज पर्वत पायी चढून स्पेनमध्ये उतरले. त्याच टोळीत वेर्फेल आणि त्यांची पत्नी आल्मा मालर होती. तिच्या सामानात तिचे पहिले पती, संगीतकार गुस्ताव मालर यांची हस्तलिखितं होती आणि ब्रुकनरच्या तिसऱ्या सिंफनीची संहिताही. ते सामान फ्रायने स्वतः रेल्वेने सीमेपार नेलं. त्याच सप्टेंबरात, त्याच डोंगरातून जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन निघाला.

बेन्यामिनची हकीगत मी वेगवेगळ्या लोकांच्या आठवणींतून वाचली आहे आणि दर वेळी तपशिलांपाशी अडखळते. वय ४८, हृदय कमजोर. लिझा फिट्को ही वाट दाखवणारी बाई सांगते की तो दहा मिनिटं चालून एक मिनिट थांबायचा, घड्याळ लावून. हातात जड काळी बॅग. बॅगेतलं हस्तलिखित आपल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, असं त्याने तिला सांगितलं होतं. त्याच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेन-पोर्तुगालमधून जाण्याची परवानगी होती. फ्रान्समधून बाहेर पडण्याची परवानगी तेवढी नव्हती, आणि नेमका त्या दिवशी पोर्तबोउच्या स्पॅनिश चौकीवर तो एक शिक्का मागायचा हुकूम आला होता. उद्या परत फ्रान्समध्ये पाठवू, असं त्याला सांगण्यात आलं. त्या रात्री त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्याच्याबरोबरच्या लोकांना मग पुढे जाऊ देण्यात आलं. बॅगेतल्या हस्तलिखिताचा पत्ता लागला नाही.

पण बेन्यामिनचं सगळं लेखन त्या बॅगेत नव्हतं. पॅरिसच्या आर्केडांवर त्याने वर्षानुवर्षं जमवलेली टिपणं झॉर्झ बतायने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लपवून ठेवली. बताय तिथे ग्रंथपाल होता. इतिहासावरच्या प्रबंधिकांची एक प्रत बेन्यामिनने मार्सेयमध्ये आरेंटकडे दिली होती. ती तिने समुद्रापार नेली. माणूस गेला, पण त्याचं काम मित्रांनी तारलं, कारण ते काम काय आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. लेखकाच्या संरक्षणात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. संकट आल्यावर परिचय करून घ्यायला वेळ नसतो.

इथे एक प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. लाखो माणसं रस्त्यावर आलेली असताना लेखकांसाठी, प्राध्यापकांसाठी वेगळी यादी का? सुताराचा जीव कवीच्या जीवापेक्षा स्वस्त आहे का? नाही. १९३९ च्या सुरुवातीला स्पेनमधून जवळपास पाच लाख माणसं फ्रान्समध्ये घुसली तेव्हा कवी आन्तोनिओ माचादो त्यांच्यातच होता, म्हातारी आई बरोबर होती, सामान वाटेत गेलं होतं. कोलियूर गावात २२ फेब्रुवारीला तो वारला आणि तीन दिवसांनी आई. त्याच्या कोटाच्या खिशात कवितेची एक ओळ लिहिलेला कागद भावाला सापडला. त्याच स्पॅनिश निर्वासितांसाठी कवी पाब्लो नेरुदाने चिलीच्या वतीने ‘विनिपेग’ नावाचं जहाज मिळवलं. चिलीच्या सरकारला कामगार, शेतकरी, कोळी हवे होते, बुद्धिजीवींची त्यांना हौस नव्हती. सुमारे २,२०० माणसं ऑगस्टमध्ये निघून सप्टेंबरच्या सुरुवातीला वाल्परायसोला पोहोचली आणि त्यांतली बहुतेक हाताने काम करणारी होती. एका कवीने वाचवलेली ही माणसं. मला ही गोष्ट फार आवडते. सुटका करायची तर अशी भरभरून, जहाज भरून करावी.

तरीही वेगळी यादी लागते, असंच माझं मत आहे. त्याचं कारण लेखकाच्या मोठेपणात शोधू नये. बॉम्ब कुणाचं नाव विचारत नाही. पण लेखकाला, पत्रकाराला, शिक्षकाला कुणीतरी नाव विचारत येतो. ढाक्यात आला तसा. मे १९९३ मध्ये अल्जीरियात कवी-पत्रकार ताहार जाउत घरून निघत असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आठवडाभराने तो गेला. त्याच्या मागोमाग कितीतरी पत्रकार आणि लेखक मारले गेले. जिथे माणूस नावानिशी शोधून मारला जातो, तिथे त्याला नावानिशी शोधून वाचवणारंही कुणीतरी हवं.

अल्जीरियातल्या त्या हत्यांनंतर युरोपात लेखकांची आंतरराष्ट्रीय संसद उभी राहिली. सलमान रश्दी पहिले अध्यक्ष, वोले सोयिंका दुसरे. त्यांना एक साधी गोष्ट सुचली. राष्ट्रं व्हिसाच्या राजकारणात अडकतात, मग शहरांना विचारू या. एका शहराने एका लेखकाला घर आणि शिष्यवृत्ती द्यायची. ती संसद पुढे विसर्जित झाली, पण कल्पना टिकली. २००६ पासून नॉर्वेमधल्या स्टावांगर शहरातून ‘आयकॉर्न’ हे आश्रय-शहरांचं जाळं चालतं, त्यात आता सत्तरहून अधिक शहरं आहेत. लेखक अर्ज करतो, त्याला असलेल्या धोक्याची आणि त्याच्या लेखनाची शहानिशा होते, मग एखादं शहर त्याला साधारण दोन वर्षांसाठी बोलावतं. अमेरिकेत पिट्सबर्गला हेन्री रीस आणि त्यांची पत्नी डायान सॅम्युएल्स यांनी २००४ मध्ये आपल्याच गल्लीत एक घर लेखकांसाठी ठेवलं. तिथे आलेले पहिले कवी, चीनचे हुआंग शियांग, यांनी त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर आपल्या कविता रंगवल्या. १२ ऑगस्ट २०२२ ला शटॉक्वाच्या व्यासपीठावर रश्दींवर चाकूहल्ला झाला तेव्हा समोरच्या खुर्चीत हेन्री रीसच होते. तेही जखमी झाले. निर्वासित लेखकांना आश्रय देण्याबद्दल बोलायला दोघे तिथे बसले होते.

दोन वर्षं मिळतात, हे ऐकायला बरं वाटतं. ती कशी जातात याचा विचार करून बघा. पहिले काही महिने निवासाचे कागद, बँकेचं खातं, मुलांची शाळा. मग दुःस्वप्नं. मग कधीतरी टेबलाशी बसणं. आणि लिहायला सूर लागतो न लागतो तोच पुढे कुठे, हा प्रश्न दारात. तिकडे कायद्याच्या भिंती आहेतच. १९५१ चा निर्वासित करार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी होणाऱ्या छळाबद्दल बोलतो. युद्धातून पळालो, एवढं त्यात पुरत नाही. तुर्कीने त्या करारावर सही करताना भौगोलिक अट ठेवली, म्हणून युरोपबाहेरून आलेल्याला तिथे पूर्ण निर्वासिताचा दर्जा मिळत नाही, लाखो सीरियन ‘तात्पुरत्या संरक्षणा’वर राहिले. पाहुण्याचा व्हिसा मागावा तर परत जाण्याची हमी द्यावी लागते. जो जीव वाचवायला निघालाय त्याने परतण्याची हमी कुठून आणायची? युरोपियन युनियनने २००१ मध्ये अशा संकटांसाठी सामूहिक संरक्षणाचा नियम केला आणि तो पहिल्यांदा वापरला मार्च २०२२ मध्ये, युक्रेनसाठी. नियम हाताशी होता. २०१५ मध्ये सीरियन माणसं समुद्रात बुडत होती तेव्हा तो काढायची इच्छा झाली नाही.

मग घरचे. सीरियन विचारवंत यासिन अल-हाज सालेह यांनी ऐन तारुण्यातली सोळा वर्षं तुरुंगात काढली. २०१३ मध्ये ते देश सोडून तुर्कीत गेले. पत्नी समीरा खलील दमास्कसजवळच्या दूमामध्येच होत्या. ९ डिसेंबर २०१३ ला त्यांना, वकील रझान झैतूने यांना आणि आणखी दोघांना पळवून नेलं. यासिन तिला पत्रं लिहीत राहिले आणि ती पत्रं प्रसिद्ध झाली. एका लेखकाला सुरक्षित ठिकाणी पोहोचवलं असं म्हणताना, त्याचं अर्धं जग कुठे आहे हे कुणी विचारलं का, असं मला दर वेळी वाटतं.

आणि भाषा. बॉस्नियन लेखक अलेक्सांदर हेमन १९९२ च्या सुरुवातीला सारायेव्होहून शिकागोला थोड्या काळासाठी म्हणून आला होता. एप्रिलमध्ये शहराला वेढा पडला आणि तो तिथेच राहिला. मिळेल ते काम करत त्याने इंग्रजी आपलीशी केली आणि काही वर्षांतच त्या भाषेत कथा छापून आणली. त्याचं कौतुक करताना त्याला मापदंड करू नये. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर एकाच भाषेत श्वास घेतलेल्या कवीला भाषा बदल असं सांगणं म्हणजे झाड मुळासकट उपटून अधांतरी टांगणं. त्याच्या जुन्या भाषेत त्याला वाचक मिळवून देणं, हेही आश्रयाचंच काम आहे. छपाई, अनुवादक, संपादक, थोडेबहुत श्रोते. नुसत्या खोलीच्या किल्लीने भागत नाही.

म्हणून मला ती उदाहरणं मोलाची वाटतात जिथे एकट्या माणसाबरोबर त्याचा कारखानाही हलला. डिसेंबर १९३३ मध्ये हॅम्बुर्गचं वार्बुर्ग ग्रंथालय सुमारे ६०,००० पुस्तकांसह दोन लहान जहाजांतून लंडनला गेलं, अभ्यासक बरोबर गेले आणि काम पुन्हा सुरू झालं. १९३८ मध्ये मेक्सिकोने स्पॅनिश विद्वानांसाठी ‘कासा दे एस्पान्या’ काढलं, दोन वर्षांत त्याचं ‘एल कोलेहियो दे मेहिको’ झालं आणि आजही ते त्या देशातलं मानाचं विद्यापीठ आहे. २०१४ मध्ये दोनेत्स्कचं विद्यापीठ युद्धापायी विनित्सियाला हललं. काबूल पडल्यानंतर अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, त्यांचे नातलग अशी अडीचशेहून अधिक माणसं पोर्तुगालने घेतली. त्यात उद्या वादक होतील अशी, अजून नाव नसलेली मुलं-मुली होत्या. यादी प्रसिद्धीवर केली असती तर त्यांतला एकही जण विमानात बसला नसता.

सगळे जात नाहीत, काहींना जायचंही नसतं. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमध्ये १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी झाली, त्यात कवीही आले. इझ्यूमजवळच्या कापितोलिवका गावात राहणारा बालसाहित्यिक वोलोदिमीर वाकुलेंको मुलाला आणि वडिलांना सोडून गेला नाही. गाव रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. त्याने रोजनिशी लिहिली आणि ती अंगणातल्या चेरीच्या झाडाखाली पुरली. मार्च २०२२ मध्ये त्याला पकडून नेलं आणि मारलं. सप्टेंबरात गाव सुटल्यावर कादंबरीकार विक्टोरिया आमेलिना तिथे पोहोचली. तिने तोवर कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांच्या साक्षी नोंदवण्याचं काम घेतलं होतं. वाकुलेंकोच्या वडिलांबरोबर तिने अंगण खणलं, रोजनिशी काढली आणि ती खार्किवच्या साहित्य संग्रहालयात सुरक्षित पोहोचेल असं पाहिलं.

आमेलिनाकडे पॅरिसची शिष्यवृत्ती होती. मुलाला घेऊन वर्षभर तिथे राहून पुस्तक पुरं करायचं होतं. त्याआधी जून २०२३ मध्ये ती कोलंबियाहून आलेल्या लेखक-पत्रकारांना युद्धभूमीजवळचा भाग दाखवायला गेली. २७ जूनच्या संध्याकाळी क्रामातोर्स्कमधल्या त्यांच्या रेस्टॉरंटवर क्षेपणास्त्र पडलं. १ जुलैला ती गेली, वय ३७. अपुरं पुस्तक मित्रमंडळींनी तसंच, तुटलेल्या वाक्यांसह छापलं. तिने निघून जायला हवं होतं, असं म्हणायची मला हिंमत होत नाही. संरक्षण म्हणजे बाहेर काढणं, एवढीच व्याख्या केली तर वाकुलेंको आणि आमेलिना तिच्यात बसत नाहीत. राहिलेल्यांच्या वह्या, हार्ड डिस्क, टिपणं दुसऱ्या देशात सुरक्षित ठेवणं, त्यांना मानधन पोहोचवणं, त्यांचं लेखन वेळेवर छापणं, हे सगळं त्या शब्दात यायला हवं.

गाझात तर दारच नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कवी मोसाब अबू तोहा कुटुंबासह दक्षिणेकडे, रफाहच्या दिशेने निघाला असताना इस्रायली सैनिकांनी त्याला वाटेत ताब्यात घेतलं. त्याने आधी हार्वर्डला धोक्यात असलेल्या अभ्यासकांसाठीची ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ शिष्यवृत्ती घेतली होती, त्याचा संग्रह अमेरिकेत छापलेला होता, मासिकांचे संपादक त्याला नावाने ओळखत होते. ‘पेन’सारख्या लेखक-संघटनांनी, संपादकांनी, लेखकांनी आरडाओरडा केला. दोन दिवसांनी त्याला सोडलं आणि पुढे तो इजिप्तमार्गे बाहेर पडला. २०२५ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. आपल्याबरोबर पकडलेल्या, नाव नसलेल्या माणसांविषयी त्याने स्वतःच लिहिलं आहे. त्याचा मित्र रिफात अलअरीर, गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारा, विद्यार्थ्यांना आपापल्या गोष्टी लिहायला लावणारा, ६ डिसेंबर २०२३ ला हवाई हल्ल्यात मारला गेला. बहीण, भाऊ आणि बहिणीची मुलंही. त्यानंतर त्याची एक कविता जगभरच्या कितीतरी भाषांत पोहोचली. मेल्यानंतर. आधी पोहोचली असती तर तो वाचला असता, असा दावा मी करणार नाही. पण त्या सगळ्या अनुवादांच्या खालच्या तारखा डिसेंबर २०२३ नंतरच्या आहेत, हे मला बघवत नाही.

तारणाऱ्यांच्या बाजूला, मारणाऱ्यांइतकं नेटाने यादी करणारं कुणी होतं का? होतं. टेस सिम्पसन हे नाव फार लोकांना माहीत नाही. लीड्समध्ये वाढलेली, व्हायोलिन वाजवणारी ही बाई १९३३ मध्ये लंडनच्या ‘अकॅडमिक असिस्टन्स काउन्सिल’मध्ये सचिव म्हणून लागली. त्या एप्रिलमध्ये हिटलरच्या नव्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. बेव्हरिज, रदरफर्ड, लिओ झिलार्ड ही काउन्सिलमागची मोठी नावं. रोजचं काम सिम्पसनचं. प्रत्येक विद्वानाची एक फाइल. काय शिकवतो, काय लिहिलंय, घरी कोण कोण, कुठली भाषा येते, कुठल्या विद्यापीठात त्याच्या विषयाची जागा निघू शकते, शिफारस कोण करेल. युद्धाच्या आधी सहा वर्षं तिने हे केलं, म्हणून युद्ध आलं तेव्हा कागद तयार होते. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारनेच या विद्वानांना ‘शत्रूदेशाचे नागरिक’ म्हणून छावण्यांत कोंडलं, तेव्हा त्याच फाइली काढून तिने एकेकाची सुटका मागितली. तिने मदत केलेल्यांपैकी १६ जणांना पुढे नोबेल मिळालं. लोक हाच आकडा सांगतात. मला ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्या फाइली जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्याही तिने तेवढ्याच काळजीने लिहिल्या होत्या. त्या आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत आणि काउन्सिल ‘कारा’ या नावाने आजही अशीच पत्रं लिहिते आहे.

सुदानी कवी अल-सद्दीक अल-रद्दी याच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद लंडनच्या ‘पोएट्री ट्रान्सलेशन सेंटर’ने २००५ पासून छापायला सुरुवात केली. एक अरबी जाणणारा, एक इंग्रजीत कविता करणारी, असे दोघं मिळून शब्दाला शब्द लावत बसत. तेव्हा कुणाच्या मनात आश्रयाचा विचार नसणार, कविता आवडल्या एवढंच. २०१२ मध्ये देशात परतणं अशक्य झालं आणि तो लंडनलाच राहिला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला वाचक, अनुवादक, कवितेच्या कार्यक्रमांना आलेले लोक तिथे आधीपासून होते.

एप्रिल २०२३ पासून सुदान पुन्हा जळतो आहे. खार्तूम सोडून आलेले लेखक, प्राध्यापक, चित्रकार कैरोत, नैरोबीत, कंपालात खोल्या भाड्याने घेऊन राहताहेत. अशा माणसाच्या अर्जाला काय काय जोडावं लागतं याचा मी शोध घेतला. छापलेलं लेखन, अनुवाद असतील तर अनुवाद, कुणी लिहिलेली परीक्षणं, त्याला ओळखणाऱ्या लेखक-संपादकांची पत्रं. मी स्वतः अधूनमधून कविता अनुवादित करते, एका छोट्या नियतकालिकाच्या संपादनात हात लावते. आजवर वाटायचं, या कामाचा त्या भयंकर जगाशी काय संबंध. आता माहीत आहे की एका नियतकालिकात छापलेलं पान, खाली महिना आणि वर्ष, सोबत संपादकाचं सहीचं पत्र, हे त्या फाइलीत चालतं. भाषा कुठलीही असली तरी चालतं. या वर्षी आम्ही सुदान, सीरिया, गाझा, युक्रेन आणि अफगाणिस्तानच्या अशा लेखकांचा विभाग सुरू करतो आहोत ज्यांचं अजून फार कुठे आलेलं नाही. मूळ लेखकाला अंक पोहोचवायचा, मानधन द्यायचं आणि पत्र मागायच्या आधीच लिहून पाठवायचं, असं ठरलं आहे. अरबी, दारी, पश्तो, युक्रेनियन यांतलं काही थेट वाचू शकणारं कुणी असेल, किंवा इंग्रजीवरून नेटका अनुवाद करणारं, तर आम्हाला तुम्ही हवे आहात.